पांढरी चिंधी आणि लाल-काळी कॅप्सूल

मला माहीत होतं.

हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि जिच्यासमोर ते बोलायला हवं होतं तिच्यासमोर तर नाहीच. धामणगाव बढ्यात माझं औषधाचं दुकान आहे. त्या वेळी जे झालं ते माझ्या अज्ञानातून झालं, असं गावात सगळे समजतात. मला सगळे भाऊ म्हणतात. 'भाऊला तरी काय ठाऊक, तो काय डॉक्टर आहे?' हा समज मी पसरवला नाही, पण पसरत होता तेव्हा खोडलाही नाही. खरं म्हणजे ते अज्ञान नव्हतंच. जे औषध मी वर्षानुवर्षं देत होतो ते त्या दुखण्यावर चालत नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते.

या अंकासाठी मला काउंटरवरच्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, त्या येतीलच. पण गमती सांगताना दरवेळी मी एका जागी थांबतो आणि विषय बदलतो. या वेळी बदलणार नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं. शहरातल्या माणसाला वाटतं, की डॉक्टर चिठ्ठी लिहितो आणि मेडिकलवाला तेवढं काढून देतो. आमच्याकडे निम्मी माणसं चिठ्ठीशिवाय येतात. काउंटरला पोट लावून उभी राहतात आणि म्हणतात, "भाऊ, डोस बांधून द्या." डोस बांधणं म्हणजे एक तापाची गोळी, एक ॲसिडिटीची आणि एक कॅप्सूल, अशी पुडी करायची आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगायची. ती कॅप्सूल म्हणजे अँटिबायोटिक. आमच्या दुकानातली अर्धी लाल, अर्धी काळी होती, म्हणून गावात तिचं नावच 'लाल-काळी' पडलं. ती नसली तर गिऱ्हाइकाला पुडी रिकामी वाटायची. कागद उलगडून बघत आणि तोंड वाकडं करत, "काहो भाऊ, याच्यात ते लाल-काळं नाई टाकलं? आमी का फुकट नेऊन राह्यलो?"

कायद्यानं ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. ते मला ठाऊक होतं, तपासायला येणाऱ्यांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एक म्हातारे शेतकरी होते, बापूराव. कॅप्सूल तोडून तिची भुकटी बैलाच्या खांद्यावरच्या जखमेवर टाकायचे. बैलाला गुण आला. मग त्यांच्या मांडीला गजकर्ण झालं, तर मला म्हणाले, "देजा दोन लाल-काळ्या. बैलाले बरं वाटलं, मंग मले काऊन नाई वाटनार?" मी म्हटलं, "बापूराव, बैलाची जखम वेगळी, हे बुरशीचं आहे." तर म्हणाले, "भाऊ, तुमच्या हाताले गुण हाय. तुमी माती देली तरी चालन."

हाताला गुण. हे शब्द मी तेव्हा प्रसादासारखे घेत होतो. माणूस दुकानात येतो तो औषधासाठी नाही, माझ्या हातासाठी, असं मनाला वाटायला लागलं की माणूस बिघडतो. बापूरावांना त्या दिवशी मी मलमाची ट्यूब दिली, पण त्यांचं मन मोडू नये म्हणून सोबत दोन लाल-काळ्याही दिल्या. गजकर्ण मलमानं गेलं. नाव कॅप्सूलचं झालं, आणि माझ्या हाताचं.

आता वच्छलाबाई.

माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. नवरा लवकर गेला, त्यानंतर मशीनवर त्यांनी दोन मुली शिकवल्या आणि लग्नं करून दिली. आवाज खणखणीत. मशीन चालवता चालवता रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाचीही थट्टा करतील. माझं लग्न झालं तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, बायकोचं ब्लाऊज म्या शिवलं. माप पाहून सांगते, जेवू घालनारी हाय." सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्यांची पहिल्या दिवसापासून भक्त.

पण वच्छलाबाईंचं खरं काम ब्लाऊजापेक्षा मोठं होतं, आणि ते गावातल्या पुरुषांपैकी फक्त मला माहीत होतं.

मेडिकलच्या काउंटरवर बाई येते तेव्हा तिच्या मागे पानटपरीवरची चार माणसं उभी असतात. समोर मी, पुरुष. 'अंगावरून पांढरं जातं' हे तिनं म्हणायचं कसं? नवऱ्याला पाठवायचं तर त्याला सांगायचं कसं? पण ब्लाऊजचं माप द्यायला बाई पडद्यामागे जाते, तेव्हा तेवढा वेळ ती सासू, नवरा, लेकरं, सगळ्यांपासून सुटलेली असते. समोर वच्छलाबाई, गळ्यात टेप. तिथे बाया बोलायच्या. आणि वच्छलाबाईंनी त्यावर एक रीत बसवली होती. बाई निघून गेली की त्या कापडाच्या ढिगातून एक चिंधी उचलायच्या, रस्ता ओलांडायच्या आणि माझ्या काचेवर ठेवायच्या. लाल चिंधी म्हणजे पाळीत जास्त जातं. पिवळी म्हणजे उन्हाळी लागली, लघवीला आग होते. पांढरी म्हणजे पांढरं जातं, खाज सुटते. टपरीवरच्यांना वाटायचं, शिंपीण अस्तराचा रंग विचारायला आली. एकदा एकानं विचारलंही, "वच्छलाबाई, भाऊ आता कापड बी विकते का?" त्या मागे न बघता म्हणाल्या, "विकते ना. तुया तोंडाले लावाले पट्टी पाहून राह्यली."

मी पुडी बांधायचो, त्या चिंधीत गुंडाळून न्यायच्या. कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत एकही नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. गावात पापड वाळत घातले तरी बातमी होते. त्या गावात या बाईनं कितीजणींचं दुखणं पोटात ठेवलं. मला या रीतीचं फार कौतुक होतं. आजही आहे. ज्या बायांनी नाहीतर सोसत आयुष्य काढलं असतं, त्यांच्यापर्यंत औषध पोचवायचा रस्ता त्यांनी काढला, तो कोणत्याही सरकारी योजनेला सुचला नव्हता.

फक्त त्या रस्त्याच्या माझ्या टोकाला खोट होती.

पिवळ्या चिंधीला अँटिबायोटिक पुष्कळदा लागतं, तिथे लाल-काळी लागू पडायची. पांढरीचं तसं नाही. पांढरं जाण्याची कारणं वेगवेगळी. कधी ते जिवाणूंमुळे असतं, पाण्यासारखं, वास मारणारं. त्यावर योग्य ते अँटिबायोटिक चालतं. पण कधी ते यीस्टमुळे असतं, दह्याच्या कवडीसारखं घट्ट, आणि खाज अशी की बाईला बसवत नाही. यीस्ट ही एक प्रकारची बुरशी. बाजारात जिलेबीवाल्याचं पीठ जिच्यामुळे आंबतं तिच्याच जातीतली. आणि अँटिबायोटिक बुरशीला मारत नाही. बिलकुल नाही. कमी नाही की जास्त नाही.

खरं तर आमच्या भागात हे समजावून सांगायचं कामच नाही. मोताळ्याच्या कुठल्याही कास्तकाराला विचारा, अळीचं औषध बुरशीवर चालतं का? तो तुम्हाला वेड्यात काढेल. बुरशीचं औषध वेगळं असतं. आणि पुढे तो हेही सांगेल, की कपाशीवर उगीच जहाल फवारे मारत सुटलं तर मित्रकिडी मरतात, आणि त्यांना खाणारं कोणी उरलं नाही की पांढरी माशी दुप्पट होते. शरीरात हेच होतं. बाईच्या अंगात काही चांगले जिवाणू राहतात, ते यीस्टला दाबून ठेवतात. अँटिबायोटिक त्या चांगल्यांना मारतं आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. म्हणजे मी खाज घालवायला जी कॅप्सूल देत होतो ती खाज वाढवू शकत होती. मी कास्तकाराचाच मुलगा. वडिलांच्या पाठीवरचा पंप मी भरलेला आहे.

कोणती पांढरी कशाची, हे कळायला चार प्रश्न विचारावे लागतात, आणि खरं तर तपासावंच लागतं. चिंधीला प्रश्न विचारता येत नाहीत. ज्या रीतीनं बायांची लाज राखली, त्याच रीतीनं माझ्यावरची विचारायची जबाबदारीही उचलून नेली, आणि मला ते सोयीचं होतं. काहींना माझ्या औषधानं बरं वाटायचं, कारण त्यांचं दुखणंच जिवाणूंचं असणार. काहींची खाज काही दिवस आपोआप शमायची. ज्यांना बरं वाटायचं त्यांचा निरोप यायचा. ज्यांना नाही वाटायचं त्यांची पुन्हा पांढरी चिंधी यायची. कोणती नवी आणि कोणती जुनी, ते मला ओळखू येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे.

आणि तरीही कोणी म्हणेल, बाबा, पुस्तकातलं ज्ञान, विसरला असेल. विसरलो नव्हतो. त्याचा साक्षीदार मन्साराम आहे.

मन्साराम लग्नाच्या बँडमध्ये तुतारीसारखी ती मोठी पितळी पिपाणी वाजवायचा. लगनसराईत घसा बसायचा म्हणून तो पूर्ण मोसम लाल-काळ्या खायचा, जशा आपण सुपाऱ्या खातो. एका लग्नाच्या दिवशी भर दुपारी तो बँडच्या लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर, असा दुकानात आला आणि काउंटरवर वाकून जीभ बाहेर काढली. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर.

"भाऊ, पाहा ना! फुंकर मारली का आग व्हते. तिकडं नवरदेव घोड्यावर बसून राह्यला अन् इकडं माह्या तोंडात साय धरली!"

मी म्हटलं, "मन्साराम, कॅप्सुला बंद. आजपासून. ही बुरशी आहे, त्या कॅप्सुलांनीच वाढवली. मोताळ्याला डॉक्टरकडे जा, ते तोंडात लावायचं औषध देतील."

"अन् वरातीचं का करू?"

"ढोल वाजव."

त्या वरातीत मन्सारामनं खरंच ढोल वाजवला, आणि तो इतका बेताल, की घोडा बुजला. पण डॉक्टरनं बुरशीचं औषध दिलं आणि थोड्याच दिवसांत त्याची जीभ साफ झाली. गावात मी ही गोष्ट रंगवून सांगत असे. माझ्या निदानाचं मला कौतुक होतं.

म्हणजे बघा. पुरुषाला जीभ दाखवता येते. ती दिसली की मला पुस्तक आठवतं. तीच बुरशी, तीच कॅप्सूल, पण चिंधीत गुंडाळून आली की मला काही आठवत नव्हतं.

मन्सारामच्या त्या लगनसराईनंतरचीच गोष्ट. दुपारची वेळ, रस्त्यावर कोणी नाही. वच्छलाबाई रस्ता ओलांडून आल्या. पाय उचलत नव्हता. हातात पाण्याची बाटली. काचेवर पांढरी चिंधी ठेवली आणि बाटलीतलं पाणी उभ्या उभ्या घटाघटा प्यायल्या. मी पुडीचा कागद काढला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ही चिंधी माहीच हाय."

मला आधी कळलंच नाही.

"अन् मांगच्या बी बऱ्याचशा माह्याच. दुसरीच्या नावानं नेत होती." मग हसल्या. "सगया बायाईचं गुपित म्या संभायलं, मंग माहं नोको संभायू?"

मी विचारलं, "गुण येतो का?"

"चार दिस बरं वाटते, मंग पुन्हा तेच. मशीनवर बसवत नाई वो भाऊ. बसलं का आग. तुमी लाजू नोका, आता मीच लाजत नाई." आणि काचेवर बोट आपटून म्हणाल्या, "याच्याहून भारी हाय का काई?"

माझ्या पाठीमागे खालच्या कप्प्यात बुरशीवरची औषधं होती. माझा हात तिकडे गेला. कप्पा अर्धा उघडलाही. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात त्यांचाच आवाज उमटला. त्या विचारतील, 'हे होतं तर आजवर काऊन नाई देलं?' या बाईला मी काय सांगू? आणि ज्या बायांच्या चिंध्या त्यांनी स्वतः रस्ता ओलांडून आणल्या त्यांचं काय सांगू? त्या गावभर विश्वासानं माझ्या पुड्या वाटत होत्या. आज मी बदललो, तर कालपर्यंतचं सगळं चूक ठरत होतं.

मी कप्पा बंद केला. वरच्या फळीवरून आणखी जहाल अँटिबायोटिक काढलं आणि म्हणालो, "घ्या, हे भारी आहे."

पाण्याची बाटलीही मी पाहिली होती. सारखी तहान, सारखी खाज, उतरलेलं अंग, यांचा एकत्र अर्थ काय होतो हे मेडिकलवाल्याला विचारावं लागत नाही. साखर तपासायचं यंत्र माझ्याच काउंटरवर विकायला होतं.

त्यांनी पुडी चिंधीत बांधली. "तुमच्या हाताले गुण हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं सांगायला फार नाही. त्या भारी कॅप्सुलांनी त्यांचं दुखणं कमी व्हायचं सोडून भडकलं. आणि मग एका नवरीच्या ब्लाऊजला वच्छलाबाईंनी बाही उलटी लावली. पूर्ण कारकिर्दीत पहिल्यांदा. नवरीची मावशी दुकानात येऊन मोठ्यानं म्हणाली, "माय वो, ही का बाही लावली? नवरी हार घालाले जाईन अन् हात पाठीमांगं जाईन!" सगळ्या बाया हसल्या. वच्छलाबाईही अशा वेळी हसणाऱ्या, त्याच आधी हसणाऱ्या. त्या दिवशी नाही हसल्या. माझ्या दुकानातून मला दिसत होतं, की त्या कापड अगदी नाकाला लावून टाके उसवत आहेत. मग सुई उजेडाकडे धरली. दोरा सुईच्या या बाजूनं गेला, त्या बाजूनं गेला, भोकातून गेलाच नाही.

थोड्या दिवसांनी सुनंदा म्हणाली, "समोरची मशीन बंद हाय. ऐकू नाई आलं तुमाले?" ऐकू आलं होतं.

आम्ही दोघं त्यांना गाडीत घालून बुलडाण्याला घेऊन गेलो. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांच्याबद्दल लिहायला मला आवडेल. पुढे एवढी गर्दी, पण त्यांनी वच्छलाबाईंना पडद्यामागे घेतलं, सुनंदाला सोबत ठेवलं, आणि घाई न करता विचारत गेल्या. कसं जातं? दह्यासारखं की पाण्यासारखं? वास येतो? पाणी किती पिता? मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. माझ्या काउंटरवर एवढ्या वर्षांत जे प्रश्न विचारले गेले नाहीत ते सगळे मी पडद्याच्या या बाजूला उभा राहून ऐकले. मग बोट टोचून साखर पाहिली. ती इतकी वाढलेली होती, की त्यांनी दुसऱ्यांदा टोचून खात्री केली.

मला आत बोलावलं. टेबलावर माझ्या दुकानातल्या रिकाम्या पट्ट्या होत्या. सुनंदानं पिशवीतून काढून दिलेल्या.

"ह्या कोणी दिल्या?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं.

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "घरात पडेल होत्या. मीच खाल्ल्या."

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, हे यीस्टचं आहे. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट वाढतं. आणि अशी खाज परत परत यायला लागली, की पहिल्यांदा साखर तपासायची असते. साखर वाढली की यीस्टला खायला मिळतं. ती तपासणी वेळेवर झाली असती तर कदाचित डोळ्यांपर्यंत गोष्ट आली नसती." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण यांचे?"

"शेजारी," मी म्हणालो.

खोटं नव्हतं.

परत येताना राजूरच्या घाटात गाडी हळू चालली होती. मागच्या सीटवरून वच्छलाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी मनाले लावून घेऊ नोका. तुमाले तरी काय माईत? तुमी का डॉक्टर हा? तुमी तर बरं वाटावं म्हणूनच देलं."

सुनंदा म्हणाली, "हो ना."

घाटाची वळणं होती. बोलायची जागा होती. मी गियर बदलला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन त्या दुकानात आल्या. बुरशीचं औषध. मला खाली वाकून तोच कप्पा उघडावा लागला. मी खोकं वर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हे तुमच्याकडंच होतं, भाऊ?"

"नवीन आलंय," मी म्हणालो.

त्यांनी खोकं पिशवीत टाकलं. "असन," म्हणाल्या.

साखर पुढे ताब्यात आली. खाज गेली, आणि पुन्हा आली नाही. एका डोळ्याची नजर मात्र अर्धीच परत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेझर करून उरलेली वाचवली. आता बारीक काम त्यांना होत नाही. काज, हूक, फॉल, सगळं दुसरीकडून करून घ्यावं लागतं. सुया त्यांना ओवून द्याव्या लागतात. सुनंदा सकाळी जाऊन ओवून येते.

पण त्या बसून राहिल्या असत्या तर वच्छलाबाई कसल्या. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पांढरी चिंधी आजपासून बंद. लाल बी अन् पिवयी बी." मग जे प्रश्न डॉक्टरांनी त्यांना विचारले होते ते त्यांनी पडद्यामागे बायांना विचारायला सुरुवात केली. माप घेता घेता. "छाती छत्तीस. खाज हाय का? दह्यावानी का पाण्यावानी? पानी लय पेते का?" आणि उत्तर काहीही येवो, सांगणं एकच, "गोयी खाऊ नोको, तपासून घे." ज्या एकटीनं जायला घाबरतात त्यांना त्या स्वतः एसटीत घालून बुलडाण्याला नेतात. सोबत ब्लाऊजचं कापड असतं. घरी सांगायचं, कापड घ्यायला गेलो होतो. एकदा एका नवऱ्यानं विचारलं, "बुलडाण्यापरेंत कापड घ्याले? गावात नाई भेटत?" तर म्हणाल्या, "तुया बायकोच्या रंगाले शोभन असं इथं नाई भेटत बापा. तू तिच्याकडं कधी पाहेलच नाई, तुले काय माईत!" जे दुखणं त्यांनी सर्वांत जास्त लपवलं होतं तेच आता पडद्यामागे स्वतःचं म्हणून सांगतात. "मले झालं होतं. मी डोया गमावला. तू नोको गमावू." माझ्या गावात यापेक्षा मोठं माणूस मी पाहिलेलं नाही.

माझ्याबद्दल त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत. अजूनही नाही.

मीही बदललो, तो धाडसानं नव्हे, लाजेनं. आता माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. डोस बांधणं बंद. गिऱ्हाईक तुटलं, थोडं परत आलं. बापूराव येतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "भाऊच्या हाताचा गुण गेला बापा. आता वकिलावानी बोलते." मन्साराम मात्र कोणी कॅप्सूल मागितली की टपरीवरून ओरडतो, "जीभ दाखव आधी!" आणि सगळे हसतात. मीही हसतो.

हसताना समोर बघतो. मशीन चालू असतं. वच्छलाबाई मान एका बाजूला कलवून शिवत असतात, कारण चांगला डोळा त्या बाजूचा आहे.

इतकी वर्षं रस्ता त्यांनीच ओलांडला. मी कधी पलीकडे गेलो नाही. हा अंक छापून येईल तेव्हा त्यातली बारीक अक्षरं त्यांना वाचता येणार नाहीत, कोणीतरी वाचून दाखवेल, बहुतेक सुनंदाच. म्हणजे तुम्हाला सगळ्यांना आधी कळलं आणि त्या दोघींना मागून, असं होईल. तसं होता कामा नये.

'तुमाले तरी काय माईत' असं म्हणून वच्छलाबाईंनी मला माफ केलं. ती माफी माझी नाही. मला माहीत होतं, औषध कप्प्यात होतं, आणि मी कप्पा बंद केला. हे त्यांना तोंडानं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.